सातव्या प्रकरणाची राख

“ताई, माझ्या नवऱ्याला फासावर देतील हो!”

आलेली बाई दारातच बसली. तिचे वडील युद्धकाळात हेरखात्याचे प्रमुख. आज सकाळी अभ्यासिकेत त्यांचा खून झाला होता आणि फौजदारांनी जावयालाच बेड्या घातल्या होत्या.

खासगी तपास करणाऱ्या वहिनी उठल्या. त्यांना वहिनी म्हणणारे दीर, कायम सोबत असणारे पण उमज जरा उशिरा पडणारे भावोजी, चपला शोधू लागले.

अभ्यासिकेत रक्त छपरापर्यंत उडालं होतं. तोफगोळ्याच्या पितळी कवचाचं पेपरवेट घेऊन कुणीतरी म्हाताऱ्याचं डोकं ठेचलं होतं. घाव नऊ. कपाळ आत गेलेलं, एक डोळा गालावर आलेला. टेबलाशी पत्र्याची बादली. तळाला पिठासारखी राख आणि जळायचा राहिलेला कोपरा: ‘प्रकरण सातवे’. त्यावर रक्ताचे शिंतोडे, जळक्या कडेशी कागदाबरोबर करपलेले.

“सरळ आहे,” फौजदार म्हणाले. “जावयाचा बाप साहेबांचा हेर. शत्रूनं गोळ्या घातल्या. तो पकडला कसा गेला, यावरून सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. साहेब आत्मचरित्र लिहीत होते. म्हणाले, सातव्या प्रकरणात सगळं आहे. यानं वाचलं आणि ठेचलं!”

“मी ते पाहिलंही नाही,” जावई पुटपुटला.

“मीही नाही,” म्हातारा लेखनिक हळुवारपणे म्हणाला. युद्धात तो साहेबांच्याच हाताखाली होता. आता त्यांचं आत्मचरित्र टाइप करायचा. “मी टाइपरायटरची फीत आणायला बाजारात गेलो होतो.”

स्वयंपाकीणबाई डोळे पुसत होत्या. “साहेबांची एक खोड होती. कागद जाळला की राख बोटांनी चुरायचे. म्हणायचे, अख्खी राख वाचता येते बाई, खात्यात पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. मी म्हणायचे, मग हात धुवायलाही शिकवा की!”

“म्हणजे साहेबांनीच जाळलं!” भावोजी खूश झाले.

“स्वतःचं रक्त उडाल्यावर, भावोजी?”

वहिनींनी राख काढून ठेवली आणि जावयापुढे कोरा कागद धरला. “जाळा.”

बेडी घातलेल्या हातांनी त्यानं तो पेटवून बादलीत टाकला आणि मागे सरला. काळं पान अख्खंच राहिलं.

“आता तुम्ही.”

लेखनिकानं कागद पेटवला, टाकला. ज्वाळा विझली. त्याची बोटं आपसूक आत गेली, चुरू लागली… आणि मध्येच गोठली.

“आधी रक्त उडालं, मग कागद जळला,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे जाळणाराच खुनी. नऊ घाव घालूनही तो राख चुरायला विसरला नाही. तो हात खात्यात तयार झालेला. जावई खात्यात कधीच नव्हते. काय होतं त्या प्रकरणात?”

लेखनिकानं बोटांवरची राख पुसली. “मी शत्रूला अकरा नावं विकली होती. वाटायचं, साहेबांना पत्ता नाही. आज वाचलं. त्यांना माहीत होतं! शत्रूचा माझ्यावर विश्वास बसावा, मग माझ्याच हातून खोटे नकाशे जावेत, म्हणून ती नावं त्यांनी मुद्दाम माझ्या टेबलावर ठेवली. तीस वर्षं मी त्या अकरा जणांसाठी एकटा जळलो. ते मात्र शांत झोपायचे.”

“त्यांत माझे वडील?” जावयानं विचारलं.

“पहिलंच नाव.”

बेड्या निघाल्या. बायको पुढे झाली. तो तिच्याकडे न बघताच बाहेर पडला. ती अनवाणी त्याच्यामागे धावली. बापाचं रक्त सुकायचं होतं, आणि त्याच बापानं नवऱ्याच्या वडिलांचं नाव शत्रूच्या हाती जाऊ दिलं होतं.

फाटकाशी तो थांबला, पाठमोराच. तिला जवळ येऊ दिलं.