रिकाम्या दालनाची तालीम

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या दालनात टाळ्या वाजल्या. तेव्हा दालनात तीन माणसं होती आणि तिघांचेही हात गुंतलेले होते. ग्रंथपालबाईंच्या हातात पुस्तक होतं. वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे गावातले निवृत्त दातांचे डॉक्टर, चहाचा ट्रे धरून दारात उभे होते. कार्यकारी मंडळाचे सगळ्यात बडबडे सदस्य शिंपीकाका एका विजारीची खालची दुमड शिवत होते. ओठांत टाचण्या धरल्यामुळे ते पहिल्यांदाच तासभर गप्प होते.

बाकी नुसत्या खुर्च्या होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या.

टाळ्यांचा काही कडकडाट नव्हता. गोष्ट आवडली की माणसं जरा उशिरा, एकमेकांकडे बघत वाजवतात, तशा त्या मागच्या ओळीत सुरू झाल्या, पुढे सरकल्या आणि थांबल्या.

"पारवे," डॉक्टर म्हणाले. "छपरावर फार झालेत."

शिंपीकाकांनी टाचण्या ओठांतून काढल्या. "मग पारव्यांना गोष्टीचा शेवट कळला म्हणायचा."

बाई हसल्या. त्या भित्र्या नव्हत्या. त्यांनी खिडक्या पाहिल्या, कड्या लागलेल्या होत्या. मग छपराकडे पाहिलं आणि पारव्यांवर विश्वास ठेवायचं ठरवलं. दुसरा पर्याय सोयीचा नव्हता.

रिकाम्या दालनात तासभर मोठ्याने वाचायचा हा उपद्व्याप डॉक्टरांच्या पद्धतीतून आला होता. दवाखान्यात नवी खुर्ची आली की ते आधी स्वतः तिच्यावर आडवे होऊन आ वासायचे, मगच पेशंटला बसवायचे. मंडळाचे अध्यक्ष झाल्यावरही खोड गेली नाही. वाचनालयाची कुठलीही नवी सेवा आधी रिकाम्या जागेवर चालवून बघायची आणि ती सगळीच्या सगळी चालवायची, असा त्यांचा दंडक होता. पुस्तकं घरपोच द्यायचं ठरलं तेव्हा शिंपीकाकांना एका बंद घराची बेल वाजवून दाराशी गोड बोलायला लावलं होतं. मुलांचा कोपरा सजवला तेव्हा सगळं मंडळ बुटक्या खुर्च्यांवर बसलं होतं आणि खजिनदारांना त्यातून ओढून काढावं लागलं होतं. गाव हसायचं, पण वाचनालयाचं सहसा फसायचं नाही. तालीम झाली की डॉक्टर मोठ्याने "तालीम संपली" म्हणायचे आणि मगच सगळे आपापल्या कामाला लागायचे.

या वेळची कल्पना बाईंची होती. पुस्तक का नेत नाही, असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं. वाचायला आवडेल हो, पण हात रिकामे कुठे असतात? मग बाईंनी मंडळापुढे मांडलं, की हात रिकामे नसले तरी कान तर रिकामे असतात. शिवणटिपण घेऊन या, विणकाम घेऊन या, शेंगा सोलायला आणा, मांडीवर पोर आणा. तासभर आम्ही वाचतो.

मंडळ एका पायावर तयार झालं, कारण दालन जाणार होतं. पूर्वी तिथे वर्तमानपत्रं वाचायला गर्दी व्हायची. आता बातम्या लोकांच्या खिशात आल्या आणि दालन ओस पडलं. नगरपालिकेच्या पाणी विभागाला जुने मीटर ठेवायला जागा हवी होती. मालमत्ता विभागाचे साहेब येऊन बघणार होते. दालन वापरात दिसलं तर वाचनालयाचं, नाहीतर मीटरांचं. मीटर आले की वाचनालय म्हणजे खालचं एक काउंटर उरणार आणि बाईंची बदली मुख्य कचेरीत पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला होणार. बाईंना सगळ्यात जास्त धसका त्या चिठ्ठ्यांचा होता.

म्हणून तालीम अगदी मन लावून झाली. डॉक्टर दारात उभं राहून खुर्च्यांचं स्वागत करत होते. "या, या. काकू, तुम्ही पुढे बसा, तिथे वारा लागेल. आजोबा, जपून, पायरी आहे." बाईंनी एका पोस्टमनची आणि त्याच्या हट्टी सायकलची गोष्ट वाचली. काही केल्या डावीकडे न वळणाऱ्या सायकलपायी पोस्टमन सगळं टपाल उजव्या हाताच्या घरांना वाटतो, आणि गावात नको त्या माणसांची लग्नं जमतात. वाचता वाचता बाईंना स्वतःलाच हसू आवरेना. शेवटी, मंडळाने ठरवलेलं निवेदनही त्यांनी खुर्च्यांना ऐकवलं. "पुढच्या बुधवारी नक्की या. आणि येताना एकेकाला घेऊन या."

मग त्या टाळ्या झाल्या. पारव्यांच्या गडबडीत डॉक्टर "तालीम संपली" म्हणायचं विसरले.

शनिवारी संध्याकाळी बाईंची नणंद घरी आली. नवऱ्याची ही थोरली बहीण, जिभेने तिखट आणि पुस्तकांची वैरीण. घरात छापील म्हणून तिला फक्त किराणाच्या पिशव्या चालायच्या.

"बुधवारी मीही येणार आहे तुझ्याकडे. विणकाम घेऊन," ती म्हणाली.

बाईंचा नवरा जेवता जेवता थांबला. "ताई, तू? वाचनालयात? बरं वाटतंय ना?"

"तू गप जेव. स्टॉपवर एक बाई भेटल्या. मऊ आवाजाच्या. म्हणाल्या, गेल्या बुधवारी काय मजा आली! सायकल डावीकडे वळतच नाही म्हणे. माझी तर हसता हसता बस चुकली."

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "वन्सं, गेल्या बुधवारी तिथे कुणी नव्हतं. तालीम होती."

"नव्हतं कसं? त्या पहिल्या ओळीत होत्या. दारात एका सद्गृहस्थांनी पुढे बसवलं, वारा लागेल म्हणून. अगं, मला काय खोटं सांगतील त्या?"

शिंपीकाकांनीच गावभर केलं असणार, असं बाईंनी मनाशी म्हटलं. रविवारी त्यांना गाठून विचारलंही. काकांनी गळ्याची शपथ घेतली. टाचण्यांमुळे गोष्ट अर्धीच डोक्यात शिरली होती, त्यांना मुळात ती सांगताच आली नसती.

बुधवारी चारच्या आधीच जिन्यावर पावलं वाजायला लागली. नणंद आली. बेकरीवाला कणकेचे हात पुसत आला. परिचारिका ड्यूटी संपवून, फाटका गणवेश आणि सुईदोरा घेऊन आली. तिळी पोरं झालेली आई दोघांना कडेवर आणि तिसऱ्याला नवऱ्याच्या गळ्यात अडकवून आली. डॉक्टर "या, या" म्हणून थकले. बाईंना आनंदाने रडावं की वाचावं कळेना.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" शिंपीकाकांनी बेकरीवाल्याला विचारलं.

"शेजारच्यांनी."

"कुठल्या शेजारच्यांनी?"

"ते काय, माझ्या मागूनच येताहेत." बेकरीवाल्याने जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्यावर कुणी नव्हतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो आत जाऊन बसला आणि शेजारच्या खुर्चीवरून आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

सगळ्यांनी तसंच केलं होतं. एक माणूस, एक रिकामी खुर्ची. एक माणूस, एक रिकामी खुर्ची. बाईंना समोरून ते नीट दिसत होतं. एकट्या आलेल्या नणंदेने लोकरीचा गुंडा सुद्धा आपल्याच पायापाशी ठेवला होता. एकदा ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून काहीतरी कुजबुजली आणि तोंडाला पदर लावून हसली. बाईंनी इतक्या वर्षांत तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

वाचन रंगलं. हसू फुटलं की ते दालनात मावायचं नाही. समोरच्या माणसांच्या मानाने ते जरा जास्तच होतं, पण हसू मोजत कोण बसतं? बाई पानामागून पान उलटत राहिल्या.

पुढच्या बुधवारी साहेब तपासणीला येणार, असा निरोप आला. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी पाण्याची मुख्य वाहिनी फुटली.

रस्ता खणला गेला. वाचनालयाच्या दोन्ही बाजूंना चिखल आणि अडथळे. चार वाजले तेव्हा दालनात तीन माणसं होती, डॉक्टर, शिंपीकाका आणि बाई.

"पाणी विभागाने डाव साधला," शिंपीकाका म्हणाले. "बाई, समोरच्या बँकेतून माणसं आणू का? रांगेत उभीच असतात, इथे बसतील."

"उसनी माणसं नकोत, काका."

"मग मीटरांनाच वाचून दाखवा पुढच्या वेळी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "वेळ झाली. सुरू करा. रिकाम्या खोलीत वाचायची आपल्याला सवय आहे."

बाईंनी पुस्तक उघडलं. पहिलं पान होतं न होतं तोच दार करकरलं. साहेब आले होते. उंच, सडपातळ, बुटांना चिखल, हातात लाकडी मुठीची लांब छत्री. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि झटकन मागे घेतलं.

"माफ करा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "उशीर झाला. चालू द्या."

"या ना साहेब," डॉक्टर म्हणाले. "बसा. कुठेही बसा."

साहेबांनी रिकाम्या ओळींवरून नजर फिरवली, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत.

"नको, नको. कुणाला उठवू नका माझ्यासाठी."

आणि ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

शिंपीकाकांच्या तोंडातून टाचणी पडली.

बाई वाचत राहिल्या. दुसरं काय करणार?

गमतीची जागा आली. साहेब हसले. हसून त्यांनी उजवीकडे, खांद्याच्या खाली पाहिलं. बुटक्या माणसाशी हसू वाटून घ्यावं तसं.

थोड्या वेळाने त्यांनी कोपर आत ओढून घेतलं.

मग पाय आवरले. कुणाला तरी जाऊ दिलं.

गोष्ट संपली. टाळ्या वाजल्या. साहेबांच्या, डॉक्टरांच्या, शिंपीकाकांच्या.

आणि बाकीच्या.

साहेब पुढे आले, दोन ओळींच्या मधून, अंग चोरत. "कमाल आहे तुमची! मला तर सांगितलं होतं, इथे चिटपाखरू नसतं."

बाईंना खोटं बोलणं जमत नसे. "साहेब, आज रस्ता बंद होता. त्यामुळे..."

"हो ना! तरी एवढी माणसं!"

"साहेब, खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळ्या."

साहेब खळखळून हसले. "बाई, विनय चांगला. पण इतका?"

आठवड्याच्या आत हुकूम आला. दालन वाचनालयाकडेच राहील. शिवाय खाली साहेबांची शिफारस होती, श्रोत्यांना उभं राहावं लागतं, तरी आणखी खुर्च्या पुरवाव्यात.

मंडळाची बैठक बसली. शिंपीकाकांनी आणलेले पेढे वाटून झाल्यावर बाईंनी विषय काढला. हे खरं सांगायला नको का? येताना एकेकाला घेऊन या, हे निवेदन तरी बंद करू या का?

"खरं काय ते मी त्यांना तोंडावर सांगताना ऐकलंय तुम्हाला," शिंपीकाका म्हणाले. "त्यांनी ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार?"

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत होते. "मी त्यांना जागा दाखवली होती," ते म्हणाले. "एकेकाला. या म्हणून. आता येऊ नका कसं म्हणू?"

मंडळाने जास्तीच्या खुर्च्या मागवायच्या आणि बाईंना पाण्याचा तांब्या द्यायचा, असं एकमताने ठरवलं.

तेव्हापासून बुधवार म्हणजे गावाचा सण होऊन बसला आहे. रस्ता बुजला, माणसं परतली, नवी आली. नणंद आता बाईंना पुढची गोष्ट कुठली, म्हणून फोन करून छळते. बेकरीवाल्याने बुधवारची दुसरी भट्टी उशिरा लावायला सुरुवात केली आहे. साहेबही येतात, कामाच्या वेळेनंतर, तुटलेल्या बटणांचा डबा आणि ती लांब छत्री घेऊन, आणि मागे उभे राहतात. जागा आहे, असं कितीदा सांगितलं तरी त्यांना पटत नाही.

गेल्या बुधवारी गोष्ट मध्यावर आली असताना साहेब एकदम वाकले. "अहो, नको, आजी. तुम्ही बसा," ते म्हणाले. मग ओशाळून, आभार मानत, शेवटच्या ओळीतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले. पण त्यांचं लक्ष लागेना. सारखे मागे भिंतीकडे बघत होते, म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवल्यावर मन खातं तसे. शेवटी उठले, भिंतीपाशी गेले आणि टेकायला म्हणून छत्री पुढे केली. परत आले तेव्हा त्यांचे हात मोकळे होते.

बाईंनी ते पाहिलं. वाचणं थांबवलं नाही. फक्त आवाज जरा चढवला आणि तोंड थोडं भिंतीकडे वळवलं, म्हणजे तिथेही नीट ऐकू जावं.

सगळे गेल्यावर शिंपीकाकांनी खुर्च्यांखाली, कपाटांमागे, जिन्यात, सगळीकडे छत्री शोधली. दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना फोन केला. साहेबांना काही घाई नव्हती. म्हणाले, आजींना जिना उतरायला लागेल ती, राहू द्या त्यांच्याकडे.

दालनाला दार एकच आहे. डॉक्टर शेवटच्या माणसापर्यंत तिथेच उभे होते. छत्री घेऊन कुणी बाहेर पडलेलं नाही.