गिरणीवालीचं शेवटचं वाक्य

लिफ्ट तपासणं हे माझं काम. दोर, ब्रेक, दाराचं कुलूप, सगळं बघायचं आणि सही करायची. कोणी आत अडकलं तर आमच्यात एक नियम आहे. बाहेर एकाने थांबायचं आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं. हवेचं बोला, सासूचं बोला, पण जागा सोडायची नाही. बाहेरचा निघून गेला असं आतल्याला वाटता कामा नये.

फावल्या वेळात मी एका जुन्या गेमसाठी मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी केलेले फेरबदल, बनवतो. राजे, राक्षस, तलवारी असला तो गेम. त्यातल्या बऱ्याच कामगिऱ्या गेम बनवणाऱ्यांनी नुसत्या उरकून टाकल्यात. माझ्यासारखे चाहते त्या नव्याने लिहितात आणि फुकट वाटतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असं बायको म्हणते. म्हणायची.

मला खुपत होती ती पाणचक्कीतली कामगिरी. नदीकाठच्या गिरणीत एक बाई असते, तिचा नवरा जंगलात हरवलाय. तुम्ही शोधून त्याची अंगठी आणून दिलीत की ती म्हणते, ‘आभारी आहे’, आणि वळून पीठ चाळायला लागते. नवरा गेलेल्या बाईचं हे बोलणं झालं? मी तिला त्रेचाळीस वाक्यं लिहून दिली. ती पाहुण्याला बसवते, विचारते, रडते. खेळणाऱ्याने बोलणं अर्ध्यावर टाकून पळू नये म्हणून मी तेवढ्या वेळापुरतं गिरणीचं दार बंद केलं. शेवटचं वाक्य संपलं की दार उघडतं, कामगिरी पूर्ण होते आणि बाई कायमची निघून जाते. ते वाक्य असं: ‘तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून.’

आवाज बायकोचा. घरच्या घरी आवाज भरायचा तर मॉडवाले कपड्यांच्या कपाटात बसतात, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. आमचं कपाट भिंतीतलं, माणूस सहज मावेल एवढं. त्याचं दार आपोआप उघडायचं, म्हणून मी बाहेरून कडी लावायचो. “नऊ वर्षांत नवऱ्याने काय दिलं, तर कपाट,” असं म्हणत ती माइक घेऊन आत शिरायची.

आवाज भरायच्या तिसऱ्या रविवारी दुपारी बेचाळीस वाक्यं झाली आणि फोन वाजला. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तिघं अडकले होते. मी पिशवी उचलली आणि धावलो. तिथे दाराबाहेर उभा राहून दोन तास त्या तिघांशी बोलत होतो. एक आजोबा फार घाबरले होते, त्यांना मी हसवलं. सगळे सुखरूप बाहेर आले. सामान आवरून जिना उतरताना मला कपाटाची कडी आठवली.

घरी पोचेपर्यंत तीन तास होऊन गेले होते. मी कडी काढली. ती कोटांमध्ये मांडी घालून बसली होती.

“आलात?” ती म्हणाली. “दमून आला असाल. बसा.”

हे गिरणीवालीचं पहिलं वाक्य. नऊ वर्षांत बायकोने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी दोन दिवस डोकं खाणारी बाई ती. मला वाटलं, टोमणा मारतेय. मी पुन्हा पुन्हा माफी मागितली. ती हसली, स्वयंपाकघरात गेली आणि पीठ चाळायला लागली.

त्रेचाळिसावं वाक्य राहूनच गेलं. विषय काढायची मला लाज वाटत होती. शेवटी मॉड तसंच नेटवर चढवलं. ते वाक्य पडद्यावर नुसतं लिहिलेलं दिसेल, म्हटलं. पण दार उघडणं मी आवाज संपण्याला बांधलेलं होतं. आवाजच नाही तर संपणार काय? खेळणारे गिरणीत अडकले आणि मला शिव्या घालू लागले. लिफ्टवाल्यानेच ही चूक करावी, याचं मला हसू आलं.

‘घुबड’ या नावाने लिहिणाऱ्या एकाने मात्र कौतुक केलं. ‘बाहेर पडता येईना म्हणून बसून राहिलो. अर्ध्या तासाने बाई नवीनच बोलायला लागते. आवाज काय लावलाय!’

काय बोलते, मी विचारलं. त्याने उतरवून पाठवलं.

‘हँगर खांद्याला टोचतोय. ऐकतोयस ना? गेला वाटतं हा.’

मी आवाजाच्या फायली मोजल्या. बेचाळीसच होत्या.

मग मी घरातलं बोलणं मोजू लागलो. तिच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, “वाटेत त्रास नाही ना झाला?” वाक्य दुसरं. “ताई, मी घरातच आहे,” पलीकडून बहीण म्हणाली. मी विचारलं, पंखा बंद करू? “नदीला पाणी चढलं की त्यांची आठवण येते.” वाक्य एकोणिसावं. आठ दिवसांत बेचाळीस वाक्यांबाहेरचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मला माझ्याच घरात भीती वाटायला लागली.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात असताना मी हेडफोन लावून स्वतः गिरणीत गेलो. बाईने बेचाळीस वाक्यं म्हटली. दार बंदच राहिलं. मी वाट पाहत बसलो.

“आलास एकदाचा,” हेडफोनमध्ये माझी बायको म्हणाली. “तिघांना काढलंस. आणि मला?”

माइक लावलेला नव्हता. तरी मी म्हणालो, “चुकलो गं.”

“रडू नकोस. आधी कडी काढ.”

मी कपाटाकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी ते सताड उघडं ठेवत होतो. आता कडी लागलेली होती.

मी उठलो.

“लवकर कर,” हेडफोनमधून ती म्हणाली. “शेवटचं वाक्य कुणी म्हणायच्या आत.”

खोलीच्या दारात ती उभी होती. हात पिठाने भरलेले.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी येते मागून.”

हेडफोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. पडद्यावर अक्षरं उमटली: कामगिरी पूर्ण. गिरणीत कोणी नव्हतं.

मी कडी काढली. आत कोट होते.

तेव्हापासून मी कामावर गेलेलो नाही. कपाटाला पाठ टेकून बसतो आणि बोलत राहतो. हवेचं बोलतो, तिच्या बहिणीचं बोलतो, टॉवेलचं बोलतो. आतून काहीच येत नाही. पण मागच्या वेळी मी जागा सोडली होती.

काल तिने पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला. “बसा,” म्हणाली आणि जाताना खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

या खोलीच्या दाराला बाहेरून कडी नाही.