पहिली मूठ

चारुशीला सोनटक्केनं खुरपं विकत आणलं, तेव्हा शेजारणीला वाटलं, दिवाणखान्यात टांगायला आणलंय. तिचं तरी काय चुकलं? नाशिकच्या त्या बंगल्यांच्या कॉलनीत तण उपटायची वेळ कुणावर आली नव्हती, त्याला कितीतरी वर्षं लोटली होती. अंगणात ‘अतृण’ची भुकटी एकदा शिंपडली की गवताचं पातं दिसत नसे. अतृण म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेली बुरशी. ती जमिनीत बी रुजू देत नाही आणि दोन वर्षांत आपली आपण मरून जाते, असं पाकिटावर लिहिलेलं असे. चारुशीलाच्या नवऱ्यानं, विद्याधरनं, लेक ऋजुता शाळेत असताना ती शिंपडली होती. मग दोघंही नोकरीच्या घाण्याला जुंपलेली, अंगणाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातला कडुनिंब तेवढा वाढत राहिला आणि दर उन्हाळ्यात त्याच्या निंबोळ्यांचा सडा पडून तिथंच कुजत राहिला.

आता तीच ऋजुता पोटुशी होती. निफाडजवळ सासरच्या मळ्यात राहत होती. दिवाळीला तिनं हट्ट धरला, “आई, माझं डोहाळजेवण बागेतलं करायचं. भाड्याच्या कुंड्या आणून नाही हं, आपल्या अंगणात, आपल्या बागेत.”

“करू की! त्यात काय एवढं!” चारुशीला भरात बोलून गेली.

त्यात बरंच काही होतं. मेथी पेरली, उगवली नाही. धने रगडून पेरले, उगवले नाहीत. झेंडू म्हणे उकिरड्यावरही येतो, पण त्यानंही तोंड दाखवलं नाही. रोपवाटिकेतून आणलेली रोपं चार दिवस तग धरत आणि मग माना टाकत. पाणी कमी पडलं म्हणून जास्त घातलं, जास्त झालं म्हणून तोडलं. कुणी शेणखत सांगितलं, कुणी आंबट ताक सांगितलं, कुणी तर रोपांशी गोड बोलायला सांगितलं. गोड बोलायची मनःस्थिती चारुशीलाकडे उरली नव्हती. मातीत खुपसायची एक सळई मिळते, मातीनाडी म्हणतात तिला. ती रोज इमानेइतबारे सांगे, ‘ओल उत्तम. कस उत्तम. जिवंतपणा भरपूर.’ एकदा चारुशीलानं ती चिडून कुंपणापलीकडे भिरकावली आणि मुकाट्यानं जाऊन उचलूनही आणली.

“जिवंतपणा भरपूर म्हणे! मग माझ्या मेथीला काय धाड भरलीय?”

“तू फार मनावर घेतेस,” विद्याधर म्हणाला. “मुळात तुझ्या हाताला...”

“हाताला काय? बोल ना पुढं.”

विद्याधर पुढं बोलला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तो शिकला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारुशीलानं वाण म्हणून तुळशीची रोपं दिली. सुगडांमध्ये आपल्याच अंगणातली माती भरून आदल्याच दिवशी स्वतः लावलेली. उन्हाळी भुईमुगाच्या तयारीतून वेळ काढून निफाडहून विहीणबाई मंदाताई आल्या होत्या, त्यांनाही एक दिलं. महिन्याभरात त्या तुळशी वाळल्या, पण तिला तसं कुणी कळवलं नाही. लेकीला दिवस गेलेले असताना असलं कोण सांगणार?

डोहाळजेवणाचा फाल्गुन जवळ आला, अंगण उघडंबोडकंच. चारुशीलाला आता रात्रंदिवस एकच टोचणी होती, लेकीनं जन्मात एक मागितलं आणि तेही आपल्याला देता येत नाही. शेवटी तिनं कृषी महाविद्यालयातल्या डॉ. अफरीन इनामदार यांना घरी बोलावलं.

अफरीनबाईंनी काचेच्या बशीत ओंजळभर माती घेतली आणि विचारलं, “घरात मोड आलेलं काही आहे?”

चारुशीलानं फडक्यात बांधलेली मटकी आणली. बाईंनी एक दाणा मातीवर ठेवून वर भिंग धरलं आणि चित्र फोनच्या पडद्यावर मोठं केलं. थोड्याच वेळात मातीतून पांढरे धागे वर आले. वळवळत दाण्याकडे सरकले, मोडाभोवती गुंडाळले आणि मोड काळा पडत गेला.

“ही अतृण,” बाई म्हणाल्या.

“ती केव्हाच मेली असेल,” विद्याधर म्हणाला.

“उपाशी राहिली असती तर मेली असती. रुजणाऱ्या बीमधून साखर पाझरते, तिच्या वासावर ही धावते. कोवळ्या मुळांनाही सोडत नाही. निंबोळ्या कधी झाडून काढल्या होत्या?”

विद्याधरनं कोपऱ्यातल्या कडुनिंबाकडे पाहिलं.

“आणि तुम्ही पेरलं किती वेळा?”

“उगवेपर्यंत पेरायचं ठरवलं होतं,” चारुशीला म्हणाली.

“म्हणजे दर वेळी तुम्ही तिचं पान वाढलंत.”

जिवंतपणा भरपूर! सळई खोटं बोलत नव्हती.

“आता दोन वर्षं काही पेरू नका, एक निंबोळी पडू देऊ नका. मरेल ती. ही माती बाहेर कुठं गेली नाही ना?”

“गेलीय,” चारुशीला म्हणाली. तिला ओळीनं मांडलेली सुगडं आठवली.

“मग आजच सगळ्यांना सांगा. त्या मातीत पेरणी झाली नसेल, तर अजून काही बिघडलेलं नाही. पेरणी झाली, की मात्र तिला आवरणं कठीण.”

संध्याकाळी तिनं एकेकीला फोन केला. कुणी हसली, कुणी करवादली. राहिल्या त्या एकट्या मंदाताई. विहीणबाईंना काय सांगायचं? वाण म्हणून तुम्हाला कीड दिली? उद्या डोहाळजेवणात त्या काय म्हणतील, ऋजुताला काय ऐकावं लागेल? तिला शरम वाटली, अगदी कानकोंडं व्हायला झालं.

“सुगडभर मातीनं काय होतंय?” विद्याधर म्हणाला. “डोहाळजेवण होऊन जाऊ दे, मग सांग.”

“नाही, सांगायलाच हवं,” ती म्हणाली. हातातला फोन मात्र तिनं खाली ठेवला. “सकाळी सांगते.”

सकाळी तिनं फोन लावला.

“इहीणबाई! आत्ता तुमचीच आठवण काढत व्हते बघा,” मंदाताईंचा आवाज खणखणीत.

“मंदाताई, ती संक्रांतीची तुळस...”

“वाळली वो ती. ऋजुताला बोलले नाय मी, पोरीच्या मनाला लागंल. पर माती वाया नाय घालवली हां. सुनंच्या माहेरची माती, शकुनाची! चिमूट चिमूट करून समद्या रानात टाकली.”

“मंदाताई, भुईमूग पेरलात का हो?”

“त्येच तर सांगत व्हते! काल दिवस बरा नव्हता, म्हून आज उजाडताच पेरणी धरली. घरात पोटुशी सून असताना दुसऱ्या कुणाचा हात कशापायी? पहिली मूठ आपल्या ऋजुतानंच टाकली. काय खूश झाली म्हणता पोर!”

मागून ऋजुताचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी तिला मातीत अनवाणी चाल म्हणून सांगत होतं.

“इहीणबाई? ऐकताय नव्हं? अशा गप का झाल्या वो?”