जोनची चादर

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून सांगत नाहीये. ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यात जास्त मलाच बरं वाटेल.

पण ती घडली. यंदाच्या जानेवारीत, मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या माझ्या स्वतःच्या घरात. शनिवार होता. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. पाच वाजताच बाहेर काळोख झाला होता आणि अंगणात सकाळचा ताजा बर्फ तसाच पडून होता.

मी प्रतिमा. नोकरी सोडल्यापासून मला एक नाद लागलाय. इथल्या लोकांना त्यांचे इंग्लंडमधले पूर्वज शोधून द्यायचे. तिकडे गावोगावच्या चर्चमध्ये जन्म, लग्न, मरण सगळं लिहून ठेवत. त्या जुन्या पानांचे फोटो आता मी सराईतपणे वाचते. त्या आठवड्यात शेजारच्या आजींचं घराणं शोधताना मला जोन सापडली. चारशे वर्षांपूर्वीची, एका खेड्यातली.

लग्नाशिवाय मूल झालं म्हणून तिला रविवारी चर्चमध्ये अख्ख्या गावासमोर उभं केलं होतं. अनवाणी. अंगाभोवती पांढरी चादर, हातात पांढरी काठी. तशा अवतारात तिने सगळ्यांची माफी मागायची.

पुरुषाचं नाव कुठेच नव्हतं.

भुताच्या गोष्टीत पांढरी चादर म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आलं होतं.

तिळगूळ वाटून झाला आणि कुणीतरी विचारलं, हल्ली कुणाचे पूर्वज खणतेस? झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी जोनची गोष्ट रंगवून सांगितली. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून बेडरूममधून पांढरी चादर आणून गुंडाळली, हातात लाटणं घेतलं आणि स्टुलावर उभी राहिले. बायका हसून हसून बेजार झाल्या.

"आपल्या मंडळात पण सुरू करू या," कुणीतरी म्हणालं.

आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या.

तिथे उल्का बसली होती. मांडीवर तिची दोन वर्षांची मुलगी, अनिका, झोपली होती. उल्काचं लग्न झालेलं नाही. हे तिने विश्वासाने एकट्या मला सांगितलं होतं, आणि मी फक्त एका मैत्रिणीला. सगळ्यांना माहीत आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात हसण्याचा आवाज बंद झाला...

तोंडं उघडीच होती. खांदे हलत होते. पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. पायाखाली स्टुलाचं लाकूडही नव्हतं. थंडगार, ओला दगड होता.

आणि मला लाज वाटली. इतकी, की जमीन पोटात घेईल तर बरं. ती लाज माझी नव्हती. मी तर मजेत होते.

मी कशीबशी खाली उतरले आणि चादर सोफ्यावर टाकली. आवाज परत आले. भास असेल म्हटलं, आणि हळदीकुंकू लावायला घेतलं.

एकेकीला लावत उल्कापाशी आले.

माझा हात थांबला.

सवाष्णीला लावतात, कुमारिकेला लावतात. हिला कशात बसवायचं? इतकी वर्षं अमेरिकेत राहून माझ्या डोक्यात हेच आलं. उल्काने मान थोडी पुढे केली होती. खोलीत सगळ्या बघत होत्या. आणि मी... तिला वगळून पुढे सरकले.

खाली बघतच पुढच्या कपाळाला बोट लावलं.

कपाळ बर्फासारखं होतं. ओलं.

खाली पाय दिसले... अनवाणी. आमच्याकडे बूट सगळ्याच दारात काढतात, पण जानेवारीत मोजे कुणी काढत नाही. ते पाय निळे पडले होते.

मी मान वर केली. समोर भिंत होती. कोपऱ्यात उल्काच शेवटची होती.

माझ्या बोटावर कुंकू उरलं नव्हतं. भिंतीवरही नव्हतं.

उल्का उठली. अनिका झोपलीय, निघते म्हणाली. आपल्यात पाहुण्याला दारापर्यंत तरी सोडतात. मी जागची हलले नाही. दुसरं कुणीही उठलं नाही.

थोड्या वेळाने मी दाराशी गेले. बर्फात उल्काच्या बुटांचे ताजे ठसे तिची गाडी उभी होती तिथपर्यंत गेले होते. त्यांच्या शेजारी, अगदी चिकटून, अनवाणी पावलांचे ठसे.

जातानाचेच. परतीचे नव्हते...

आत येऊन पाहिलं, तर सोफ्यावर चादर नव्हती.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धीर गोळा करून उल्काला फोन केला. माफी मागायची होती. मी तोंड उघडायच्या आतच ती बोलली.

"प्रतिमाताई, काल मला खूप हर्ट झालं. खोटं नाही बोलणार. पण तुमच्यातली एक जण तरी बाहेर सोडायला आली. तिला थँक्स सांगा."

"कोण?" मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. काहीच बोलली नाही. त्या थंडीत अनवाणी आली होती. मी कार स्टार्ट करेपर्यंत थांबली, अनिकाला चादर पांघरली. मग जवळ आली आणि स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटाने काढून माझ्या कपाळाला लावलं."

मी माझ्या बोटाकडे बघत राहिले. माफीसुद्धा राहून गेली.

"चादर तुमचीच आहे ना?" तिने विचारलं. "ड्रायरमध्ये तीनदा घातली, पण ती सुकतच नाहीये. परत आणून देऊ का?"

मी काही न बोलता फोन ठेवला. तिला वाटलं असेल, ताईंना अजूनही माझी लाज वाटते.

मार्च संपत आला. तिने नंतर मेसेजही केला, सॅटरडेला चादर ड्रॉप करू का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.