खडूच्या टेकडीतले ठोके

फ्लोरिबेर दुपारची पाळी घ्यायला बोगद्यात उतरला तेव्हा त्याच्या काखेत अर्धा पाव होता आणि डोक्यात एवढाच विचार होता, की आजच्या सूपमध्ये तरी मांसाचा तुकडा सापडेल का. वर छान ऊन पडलं होतं. पण ते बघायला खंदकाबाहेर डोकं काढावं, तर समोरची जर्मन मशीनगन ते धडावर राहू देईल याचा भरवसा नव्हता. माणसाने माणसं मारायची इतकी झटपट यंत्रं केली, की शेवटी त्याला स्वतःलाच बिळात शिरावं लागलं. आता फ्रेंच आणि जर्मन, दोघेही या पांढऱ्या खडूच्या टेकडीत एकमेकांच्या पायांखाली बोगदे खणत होते आणि त्यांत सुरुंग ठासत होते.

बोगद्याच्या टोकाशी बसून शत्रूचं खणणं ऐकायचं, हे फ्लोरिबेरचं काम. उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीत त्याचा जन्म गेला होता. जोडीला आन्सेल्म होता, दक्षिणेतल्या द्राक्षमळ्यातला. जमिनीखाली दारूची पिंपं सोडून आणखी काही असतं, हे त्याला युद्धातच कळलं.

"आलास का, कोळशातल्या उंदरा?" आन्सेल्म कुजबुजला. "मघापासून सगळं गप्प आहे. जेवत असतील लेकाचे."

फ्लोरिबेरने भिंतीला कान लावला. पलीकडे खणणं चालू असेल तोवर भीती नसते. ते थांबलं की समजायचं, सुरुंग भरून झाला.

"आन्सेल्म... पळ मागे!"

पण टेकडी तेवढ्यात हादरली.

तो शुद्धीवर आला तेव्हा दिवा विझला होता आणि दातांत खडू करकरत होता. मागचा बोगदा ढासळून गच्च भरला होता. दोघं जेमतेम ओणवे बसतील एवढीच जागा उरली होती.

"मेलो का रे आपण?" आन्सेल्मचा आवाज आला.

"मेलेला माणूस इतका खोकत नाही. कमी बोल. हवा पुरवून वापरायचीय."

अंधार इतका दाट, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. आणि मग पुढच्या भिंतीतून ठोके आले. तीन ठोके... आणि त्यामागून दगडावरून तळवा घासत नेल्याचा आवाज.

फ्लोरिबेरने ते ठोके ओळखले. ही त्याच्या खाणीची खूण होती, त्या एकाच खाणीची. आत अडकलेल्याने अशी खूण करायची आणि ऐकणाऱ्याने तशीच परत द्यायची. दिली, की त्या माणसाचा जीव तुमच्या गळ्यात. त्याला बाहेर काढल्याशिवाय तुमची सुटका नाही. फ्लोरिबेरच्या लग्नाच्या वर्षी खाणीत आग लागली, तेव्हा कोळसा वाचवायला मालकांनी खाणीचं तोंड विटांनी बंद केलं होतं. आत त्याचा थोरला भाऊ झेफिरँ होता. फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायकांना कितीतरी दिवस ठोके ऐकू येत होते. त्या ठोक्यांना कुणीही उत्तर दिलं नाही.

लढाईतला हुकूम अगदी उलटा होता. काहीही ऐकू आलं तरी ठोकायचं नाही, शत्रूला जागा कळते. फ्लोरिबेरला हे पाठ होतं. तरी त्याची मूठ भिंतीवर तीनदा आपटली आणि तळवा घासत गेला.

"कुणाला उत्तर देतोयस?" आन्सेल्म घाबरून म्हणाला. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

"आमच्या खाणीची पोरं आहेत शेजारच्या बोगद्यात. तीही अडकलीयत."

"अरे बाबा, तिकडे जर्मन आहेत!"

"जर्मनाला ही खूण कुठली यायला?"

"ऐक माझं... मागून फावडी वाजतायत. आपलीच माणसं आहेत. इकडे ये!"

पण फ्लोरिबेर कुदळीने पुढची भिंत उकरू लागला होता. खडू भुसभुशीत निघाला. थोड्याच वेळात भोक पडलं आणि त्यातून एक हात आला. त्याने फ्लोरिबेरचं मनगट घट्ट धरलं. हात गरम होता.

फ्लोरिबेरने दुसऱ्या हाताने कशीबशी काडी ओढली. जिथे कोसभर खडूशिवाय काही नाही, तिथे तो हात कोपरापर्यंत कोळशाने माखलेला होता. नखं झिजून पार गेली होती. काडी विझली.

"झेफिरँ...?" तो पुटपुटला.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, वेडा आनंद. त्याने सगळा जोर लावून ओढलं. एक जड अंग सरपटत बाहेर आलं, त्याच्या छातीला छाती घासत, जुन्या धुराच्या वासासकट. जागा एकाचीच होती. ते अंग जसं इकडे आलं, तसा फ्लोरिबेर तिकडे सरकत गेला, कमरेपर्यंत, मग पायांपर्यंत. मागे खडू खाली आला आणि भोक बुजलं.

पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. मागून खणत आलेला त्यांच्या तुकडीचा कॉर्पोरल बास्तीद पोचला होता.

"आन्सेल्म! जिवंत आहेस ना रे? आणि फ्लोरिबेर?"

"इथे आहे मी!" फ्लोरिबेर ओरडला, पण तोंडात भुकटी भरली होती. तो दोन्ही मुठींनी भिंत बडवू लागला.

तेवढ्यात पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी बोललं. आवाज त्याचाच होता. त्याचाच उत्तरेकडचा हेल, त्याचाच घोगरेपणा.

"हा काय, इथेच आहे मी, कॉर्पोरल."

"देवा रे!" आन्सेल्म रडतरडत हसला. "आपण सगळे पिठासारखे पांढरे, आणि तू एवढा काळा कसा झालास?"

"थांबा," बास्तीद म्हणाला. "पुढे कुणीतरी ठोकतंय. आत आहे का कुणी?"

फ्लोरिबेरने मुठी थांबवल्या. श्वासही धरून ठेवला.

"नाही," त्याचाच आवाज शांतपणे म्हणाला. "आत कुणी राहिलेलं नाही. पोती द्या इकडे. मीच बंद करतो."

वाळूची पोती एकावर एक बसू लागली. फ्लोरिबेर पुन्हा ओरडला, पण स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला नाही. अंधारात त्याच्या मागे कुणीतरी सरकलं आणि त्याला बसायला जागा करून दिली.