पडद्याची शिवण

धाकटीने आयुष्यात कधी दाताने दोरा तोडला नव्हता. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईविषयी असे सांगितले, तर कोणाचा विश्वास बसायचा नाही. पण तिच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांची उभ्या जन्मात गाठ पडली नव्हती. दाढा मिटल्या, तरी पुढे करंगळी जाईल एवढी फट उरे. पावाचा तुकडा ती बोटांनी मोडून खाई, हसताना तोंडावर हात धरी, आणि गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री सदैव बाळगी. दुकानात तिला सगळे ‘कात्रीबाई’ म्हणत. तीही हसून ओ देई; अर्थात, तोंडावर हात धरूनच.

पस्तिसाव्या वर्षी तिने जबड्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले, तेव्हा थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारून घेतला.

“अगं, आता या वयात? कोणाला दाखवायचाय चेहरा?”

“कोणाला नाही. दोरा तोडायचाय,” धाकटी म्हणाली.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. दोन्ही जबडे कापून, योग्य जागी सरकवून, बारीक पट्ट्या आणि स्क्रू यांनी जोडण्यात आले. ते जराही हलू नयेत, म्हणून वरच्या आणि खालच्या दातांवरच्या आकड्यांत आठ रबरी कड्या ताणून तोंड घट्ट बांधण्यात आले. धाकटी शुद्धीवर आली, तेव्हा चेहऱ्याचा भोपळा झाला होता, आणि खालचा ओठ आपला की शेजाऱ्याचा, हे कळत नव्हते. नाकात रक्ताचा आणि रबराचा वास कोंदला होता. श्वास तेवढा एका नाकपुडीतून, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा, कसाबसा आत-बाहेर होत होता.

वॉर्डाच्या वयस्कर सिस्टरने तिच्या गळ्यात एक बाकदार कात्री अडकवली.

“ही काढायची नाही. झोपताना नाही, तोंड धुताना नाही. उलटीसारखं झालं, की आधी कड्या कापायच्या, मग बेल दाबायची. कळलं?”

“कात्रीबाईला कात्री सांगताय होय!” थोरली हसली.

सिस्टर हसली नाही. “मी प्रत्येकीला सांगते,” ती म्हणाली. “आणि रोज सांगते.”

खोली दोन खाटांची होती. मध्ये छतापासून जमिनीपर्यंत राखाडी पडदा होता, आणि त्याची मधली शिवण वीतभर उसवलेली होती. दोन ते चार ही विश्रांतीची वेळ. नातेवाइकांना बाहेर काढीत, दिवे मालवीत. बाहेर धुके इतके दाट होते, की भर दुपारी खिडकीत उजेडाऐवजी नुसता पांढुरका ओलावा साचून राहिल्यासारखा वाटे.

पहिल्याच दुपारी धाकटीला पडद्याच्या पलीकडून आवाज ऐकू आला. “म्म्...” मिटलेल्या तोंडातून, नाकावाटे आलेला. तो आवाज तिने लगेच ओळखला, कारण सकाळपासून तिचा स्वतःचा आवाजही तसाच निघत होता. पलीकडेही आपल्यासारखीच कोणी आहे तर! तिला एकदम हायसे वाटले. तिने खाटेच्या दांडीवर बोटाने एक टिचकी मारली.

मग पलीकडून, धातूवर धातू आपटावा तशी, एक टिचकी आली.

चार वाजता थोरली सुपाची बाटली घेऊन परतली. धाकटीने पाटीवर लिहिले : पलीकडची बाई कशी आहे?

थोरलीने पडद्याआड डोकावून पाहिले. “खाटेवर तर कोणी नाही. तपासायला नेलं असेल.” आणि नळीने सूप भरवता भरवता म्हणाली, “जन्मात पहिल्यांदा मी बोलतेय आणि तू ऐकतेयस. डॉक्टरांना म्हणावं, महिनाभर जास्तच ठेवा बांधून.”

धाकटीने तिला पाटीनेच एक चापटी दिली.

दुसरी दुपारही हुंकार आणि टिचक्या यांतच गेली. मात्र तिसऱ्या दुपारी पलीकडचा हुंकार बदलला. तो आता लांबत होता, मध्येच अडकत होता. उसवलेल्या शिवणीतून गार हवेची एक बारीक धार येत होती, आणि तिला गंजलेल्या लोखंडाचा वास होता.

धाकटीला स्वस्थ बसवेना. उसवलेले काही डोळ्यांसमोर तीन दिवस लोंबत राहावे, हे तिच्या हातांना मुळीच सोसण्यासारखे नव्हते. पर्समध्ये सुई-दोरा होताच. ती खाटेवर बसून शिवण घालू लागली. दोरा कापून झाल्यावर गळ्यातली कात्री पडद्याला सारखी अडकू लागली. तेव्हा, दुकानात इस्त्रीच्या टेबलावर ठेवावी तशी, सवयीने काढून तिने ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. टाके सरळ आणि बारीक पडत होते. चार बोटे शिवण उरली असताना तिच्या पोटात एकाएकी ढवळून आले.

सुई सुटली. तिच्या धक्क्याने पडदा सरकला, आणि खिडकीचा कट्टा त्याच्या पलीकडे गेला. कात्री पलीकडे गेली.

तिने बेल दाबली. हात गळ्याशी गेला. तिथे कात्री नव्हती. घशातून वर आलेले मिटलेल्या दातांशी अडले आणि नाकात चढले. श्वास थांबला. तिने बोटांनी कड्या ओढल्या, बोटे निसटली. खोलीतला पांढुरका उजेड काळा पडू लागला...

मग त्या चार बोटांच्या फटीतून हात आला.

एवढ्या फटीतून तो येणे शक्यच नव्हते. तरी तो मनगटापर्यंत आला. बोटे बर्फासारखी गार होती. त्यांनी तिची हनुवटी धरली. दुखेल अशी नव्हे, आईने धरावी तशी. आणि कट्... कट्... कट्...

धाकटीने मोजले. आठ.

तोंड उघडले, पोटातले उशाशी ठेवलेल्या भांड्यात पडले, आणि हवा आत आली. पडद्याच्या पलीकडेही कोणीतरी, तोंड उघडे ठेवून, खूप वर्षांचा कोंडलेला श्वास सोडला. “हाऽऽऽ...”

सिस्टर धावत आली. तिने धाकटीला पुढे वाकवले, तोंड पुसले, पाठीवरून हात फिरवला. “बरं केलंत, वेळेवर कापल्यात. कात्री कुठाय?”

धाकटीने पडद्याकडे बोट दाखवले. सिस्टर पलीकडे गेली आणि कात्री घेऊन परतली. पाती कोरडी, स्वच्छ होती. “ही तर त्या कट्ट्यावर होती,” ती हळूच म्हणाली. “आणि ती खाट... दोन महिने रिकामी आहे.”

उलटीच्या भांड्यात कापलेल्या आठ कड्या होत्या. त्यांच्यासोबत पिळा घातलेल्या, गंजलेल्या तारेचा एक तुकडा होता.

सिस्टर त्याच्याकडे पाहत राहिली. “मी नवीन होते, तेव्हा रबर नसायचं. तारेनेच बांधायचे. कापायला पक्कड लागायची,” ती म्हणाली. “त्या दिवशी पक्कड कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. आणि तारेने तोंड बांधलेली ती बाई त्या खाटेवर...”

तार कापसात गुंडाळून तिने स्वतःच्या खिशात ठेवली. जाताना पडद्याला लोंबणारी सुईही काढून नेली.

डॉक्टरांनी संध्याकाळी जबडा नीट तपासला, तेव्हा धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. “सगळं जागच्या जागी आहे,” ते म्हणाले, आणि नव्या कड्या बसवल्या. त्यानंतर कात्री तिच्या गळ्यातून एकदाही उतरली नाही.

हळूहळू सूज ओसरली. एका सकाळी खालच्या ओठात मुंग्या आल्या, आणि तो पुन्हा तिचा झाला. कड्या निघाल्या, चमचा आला, मऊ भात आला. एके दिवशी आरशासमोर दात मिटताना टक् असा बारीक आवाज झाला. थोरलीने स्वयंपाकघरातून विचारले, “काय गं पडलं?” धाकटी खळखळून हसली. हात तोंडावर गेला नाही.

पहिला दोरा मात्र तिने घरी तोडला नाही. तो कुठे तोडायचा, हे तिने मनाशी पक्के केले होते. अडीच महिन्यांनी तपासणीसाठी गेली, तेव्हा सुई-दोरा घेऊन ती त्या खोलीत शिरली. चार बोटे शिवण राहिली होती ना!

शिवण पुरी झालेली होती. तिचे टाके संपत, तिथून पुढे दुसऱ्याच हाताचे टाके होते. जरा जुन्या वळणाचे, पण नेटके.

“तुम्ही घातलेत?” तिने सिस्टरला विचारले.

“मी? मला साधं बटण लावता येत नाही,” सिस्टर म्हणाली. “सकाळी धुऊन आला पडदा, तेव्हा फट होती तशीच होती.”

धाकटीने सुईत दोरा ओवला. मग त्या शिवणीच्या शेवटी, अगदी खेटून, तिने आपला एक टाका घातला, गाठ मारली, आणि वाकून दोरा दातांत धरला. कट्. तुटला! तिचे डोळे भरून आले. तिने दांडीवर एक टिचकी मारली. पलीकडे सारे शांत होते.

निघताना, आपले काम निरखण्याच्या सवयीने, तिने पडदा उजेडात धरला. दोऱ्याची दोन टोके शेजारी शेजारी होती. दोन्ही दातांनी चुरडलेली. दोन्ही अजून ओली.

त्यांतले एक तिचे होते.