पाळणीतला कंदील

गावपळणीला, आम्ही नुसतं पाळण म्हणतो, निघालं की वेशीवर मागे वळून बघायचं नाही, आणि का बघायचं नाही ते विचारायचं नाही. मला बोलता येऊ लागल्यापासून हे सांगितलेलं. दर तीन वर्षांनी देव कौल देतो आणि आचऱ्यापलीकडचं आमचं अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन रात्री वेशीबाहेर राहतं. तेवढे दिवस गाव भुतांचं.

यंदाच्या पाळणीची दुसरी रात्र, मार्गशीर्षातली, चंद्र उगवायच्या आधीची. खाडीकाठी माडाच्या झापांच्या खोपी. जेवणं आटोपल्यावर पोरांनी भाईंना घेरलं. भाई म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावचे मानकरी. शेकोटीपलीकडे आमच्या वाडीतले बाबलीकाका विडी ओढत बसले होते.

"खरी गोष्ट हां," भाई म्हणाले. "माझ्या वळखीच्या माणसाक घडलेली. चार पाळणी झाल्यो तेका. अशीच दुसरी रात. तेच्या आवशीचां दम्याचां औषध घराक ऱ्हवलां. कोणाक न सांगता तो हाडूक गेलो."

"एकटोच?"

"मगे? तुझो बापूस येतलो होतो सोबतीक?"

सगळे हसले. भाईंनी आवाज उतरवला.

"गावात काळोख. मेन स्वीच सगळ्यांनी काढलेले. कुत्रो नाय, कोंबो नाय. औषध घेतल्यान. फिरलो. आणि बघता तर... एका गोठ्यात उजेड."

भाई थांबले. पोरं आणखी जवळ सरकली.

"दारात गेलो. आत एक बापयमाणूस. पाठमोरो. दोनय हात कोपरापर्यंत रगतान भरलेले... पायाकडे कायतरी वळवळता... तोंड फिरवल्यान नाय. नुसतो म्हणालो, 'कंदील धर रे माका.'"

ते वाक्य मी बारा वर्षं ऐकतेय. तुरुंगाच्या जाळीपलीकडून.

माझा भाऊ यज्ञेश फाशीच्या कोठडीत आहे. बारा वर्षांपूर्वीच्या पाळणीच्या दुसऱ्या रात्री देवगडच्या वाटेवर एका बागायतदाराच्या घरात तिघांचा खून झाला. यज्ञेश त्यांच्या बागेत राखणीला असायचा, आणि सकाळी पोलीस आले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय. आमची गाभण गाय दावं तोडून घरच्या गोठ्यात पळाली, मी तिच्यामागे गेलो, वासरू अडलं होतं. दारात कोणीतरी आलं. मी म्हटलं कंदील धर, तर पळालं. रक्ताच्या तपासणीतून काही ठरलं नाही. आणि भाईंनी कोर्टात शपथेवर सांगितलं की पाळणीत गावात माणूस नसतो. गावानेही तेच सांगितलं. यज्ञेश खोटा ठरला, आणि खोटा ठरला म्हणून खुनी ठरला. हायकोर्टातही. त्याच्यासाठी मी कायदा शिकले. दर तारखेला वकील मला विचारतात, दारात आलेला माणूस कुठाय?

"भाई, तो माणूस कोण?"

"मेलो तो."

"कधी?"

भाईंनी शेकोटीत लाकूड सरकवलं. दमा आमच्या वाडीत एकाच म्हातारीला होता. मी तिच्या मुलाकडे वळले.

"बाबलीकाका?"

त्यांची विडी विझली होती.

"गौरजा, गप ऱ्हव," भाई गुरकावले. "पाळण मोडली म्हणान भर कोर्टात सांगाक लावतलंस तेका? देव गावाक सोडतलो? तां भूत होतां."

"भूत वासरू ओढता, भाई?"

"मगे ह्या सांग, वकीलीणबाई. पाळण सरली, आमी गावात गेलंव. तुमचो कंदील ह्या बाबलीच्या दारात ठेवलेलो. तुझो भाव लॉकपात. गाव रिकामो. कोणी ठेवलो?"

म्हातारे माना डोलवू लागले. राग माझ्या डोक्यात गेला. मी मुद्दाम कोर्टातल्या मराठीत बोलले.

"माहीत नाही. कंदील कोणी ठेवला ते भुतांना विचारा. मला एवढंच कळतं की गोठ्यात माझा भाऊ होता, आणि हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षं लपवलंत, आणि आता याची गोष्ट करून पोरांना सांगताय! देवाला राग आला तर माझं नाव सांगा. मी गप्प बसणार नाही. उजाडलं की काकांना मालवणला नेऊन प्रतिज्ञापत्र करणार. त्यांनी नाही म्हटलं तर भाई, तुम्हाला साक्षीला बोलावीन."

 

मग बाबलीकाका बोलले. माझ्याकडे न बघता.

"येतंय गो मी... पण तो कंदील... पेटतो होतो. घासलेटाचो थेंब नाय तेत. टाकी उघडून बघितलंय मी. वात सुकी... तरी पेटतो होतो."

एकाही मानकऱ्याने त्यांना खोटं म्हटलं नाही.